जुन्या कप्तानाची खबर

भावोजी, घरात येणारा प्रत्येक जण तुमच्याबद्दल चांगलंच बोलतोय, त्यामुळे मला एका जागी बसवत नाही. कुणी म्हणतं देवमाणूस, कुणी म्हणतं जन्मात कुणाला दुखवलं नाही. मी चहाचे कप उचलायच्या निमित्ताने आत निघून जाते. मला दुखवलंत की! भरल्या शेडमध्ये माझं वाक्य हिसकावून घेतलंत आणि ते भांडण मिटायच्या आधी निघून गेलात. तुमचे भाऊ म्हणतात, "आता तरी सोड गं." कसं सोडू? समोरचा माणूस उठून गेला म्हणून भांडण संपतं का? ते आपलं माझ्याच गळ्यात पडलंय, आणि मी ते घेऊन ओटीवरून परसात आणि परसातून ओटीवर येरझारा घालतेय.

तुम्ही बोटीवरून कायमचे उतरून घरी आलात ते दिवस आठवतात. नवीन पनवेलच्या सेक्टरांत तेव्हा नुकती बिऱ्हाडं भरायला लागली होती. उभं आयुष्य तुम्ही मालवाहू बोटीवर स्टुअर्डचं काम केलेलं. लग्न केलं नाहीत, बोटीशीच संसार मांडलात. मग डॉक्टरी तपासणीत रक्तदाब निघाला, आणि कुठल्याशा परक्या बंदरात कंपनीने परतीचं तिकीट हातात ठेवलं. येताना भला मोठा टीव्ही आणलात, व्हीसीआर आणलात आणि इंग्रजी कॅसेटींची एक पेटी. पहिले काही महिने नुसते ओटीवर बसून असायचात. जाणारा-येणारा विचारायचा, "काय शरदभाऊ, परत कधी निघणार?" तुम्ही म्हणायचात, "बघू." हळूहळू लोकांनी विचारणं बंद केलं, आणि तेव्हा तुमचा चेहरा जास्तच उतरला.

मग एके दिवशी परसातली पत्र्याची शेड झाडलीत, पेंढा बाहेर काढलात आणि आत टीव्ही मांडलात. रविवारी दुपारचा खेळ सुरू झाला. पहिल्या खेळाला लोक उत्साहाने आले आणि पाव तासात चुळबुळ करायला लागले, कारण सिनेमा इंग्रजी आणि कुणाला काही कळेना. तेव्हा तुम्ही टीव्हीशेजारी उभे राहिलात आणि म्हणालात, "थांबा, मी सांगतो." पडद्यावरचा माणूस तोंड हलवायचा आणि मराठी तुम्ही बोलायचात. पुढच्या रविवारी मंडपवाल्याकडून माईक आणलात. आणि त्याच्या पुढच्या रविवारी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालात, "वहिनी, चला लवकर. एक डॉक्टरीण अडकलीय."

मी शाळेत मुलांना इंग्रजी शिकवणारी बाई. हातातलं पीठ धुऊन आले ते थेट अवकाशात.

त्या सिनेमांचे किती भाग निघाले आणि आपण किती वेळा लावले ते मोजायला नको. एक यान, संकटात सापडलेल्या लोकांच्या हाकेला धावणारं. त्यावर एक कप्तान, एक यंत्रज्ञ, एक डॉक्टरीण. डॉक्टरीण मी आणि उरलेलं सगळं जग तुम्ही. टीव्हीचा आवाज बारीक करायचा, नुसतं संगीत आलं की मोठा करायचा, आणि दोघांनी दोन माईक धरून पत्र्याखाली घामाघूम होत बोलायचं. यान सुटायच्या वेळी कप्तान इंग्रजीत काहीबाही हुकूम सोडायचा आणि तुम्ही गरजायचात, "नांगर उचला!" मी माईकवर हात ठेवून कुजबुजायचे, "अहो, अवकाशात नांगर कुठला?" तुम्ही म्हणायचात, "इंजिन चालू करा म्हटलं तर लोकांना ट्रॅक्टर वाटेल." पुढच्या रांगेत करंजा गावची कोळीण हिराबाय बसायची. सकाळी पनवेलच्या बाजारात मासे विकायचे, रिकामी टोपली आपल्या शेडच्या दाराशी उपडी घालायची आणि सिनेमा बघून उरणच्या बसला जायचं, हा तिचा रविवार. नांगर उचलला की ती हात जोडायची. आणि मग माझं व्याकरण कोण ऐकणार?

आपलं भांडण चौथ्या भागापासून लागलं. कप्तानाचं पोट सुटलं होतं. केस दुसऱ्याचे होते हे माझ्या शाळेतलं पोरही सांगू शकलं असतं. तो पळायला लागला की कॅमेरा पाठीमागे जायचा, कारण पळणारा भलताच कुणीतरी असायचा. मी खेळ संपल्यावर वायर गुंडाळताना म्हटलं, "आता या मंडळींनी थांबावं. लोक 'अजून हवेत' म्हणतायत तोवरच उठावं. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई."

"तो पाहुणा नाही, वहिनी. ते यान त्याचं आहे."

"यान त्याचं नाही, सिनेमा काढणाऱ्यांचं आहे."

"नव्याचे नऊ दिवस. आणा नवा, बघा कोण येतं बघायला!"

"जुनाच ठेवा मग, आणि काठी टेकत अवकाशात पाठवा!"

त्यावर तुम्ही नुसते खाकरलात, पाणी प्यायलात. तुमचा आवाज तेव्हापासूनच बसायला लागला होता. कप्तान ओरडला की तुम्हाला ठसका लागायचा आणि लोक तो ठसका कप्तानाचाच समजायचे. मी कप्तानाबद्दल बोलले, तुम्ही ते स्वतःवर घेतलंत, हे मला कळायला पुष्कळ रविवार जावे लागले. पण खरं सांगू? कळलं असतं तरी मी तेच बोलले असते. डॉक्टरने तुम्हाला घसा आणि रक्तदाब दोन्ही सांभाळा म्हणून सांगितलं होतं, आणि तुम्ही दर रविवारी राक्षसांशी लढत होतात.

एक मात्र तुमच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही, ते आता करते. त्या चौथ्या भागात डॉक्टरणीला काढूनच टाकलं होतं. कप्तान म्हातारा झाला तरी त्याच्या शेजारी त्याच्या मुलीच्या वयाची पोरगी उभी केली, आणि डॉक्टरीण चाळिशीला आली म्हणून तिला घरी बसवलं. म्हणजे मलाच घरी बसवलं. मी त्या रविवारी शेडमध्ये आलेच नाही, कांदे चिरत बसले. आणि एकदम बाहेरून तुमचा आवाज: "डॉक्टरीणबाई, खालच्या मजल्यावरून बोला! ऐकू येतंय का?" लोक स्वयंपाकघराकडे बघायला लागले. मी धावत आले. मग सबंध सिनेमाभर पडद्यावर नसलेली डॉक्टरीण यानाच्या पोटातून सल्ले देत राहिली. "कप्तान, जरा जपून," "कप्तान, गोळी घेतलीत का?" लोक इतके हसले! हिराबाय म्हणाली, "ही खालीच बरी हाय, वर आली तर त्याला जेवू पन देनार नाय."

मला काय आनंद झाला होता, भावोजी! मूळ सिनेमात तसलं काही नाही, हे मी त्या दिवशी म्हटलं नाही. भाषांतराचा सगळा काटेकोरपणा मी गुंडाळून ठेवला. स्वतःवर आलं की माणूस असाच वागतो.

पाचव्या भागात तिला परत बोलावली ती फक्त रडायला. कप्तान मरतो. अडकलेल्या माणसांना बाहेर काढतो आणि स्वतः जळतो. शेवटी डॉक्टरीण त्याच्या तोंडावर चादर ओढते, मागे वळते आणि सगळ्यांना सांगते की कप्तान गेले. सबंध मालिकेत तिला मिळालेलं एकच मोठं वाक्य. मी ते आधी घरी म्हणून बघितलं होतं, पोळ्या लाटताना, भांडी घासताना. रडू किती आणायचं तेही ठरवलं होतं. पडद्यावर तिने चादर ओढली, मी श्वास घेतला, आणि तुम्ही सरळ माझ्या माईकवर पंजा ठेवलात. ठेवलात आणि तुमच्या माईकवरून म्हणालात, "कप्तानसाहेबांना झोप लागलीय. डॉक्टरीणबाई म्हणतायत, फार दमलेत. त्यांना आता गावी पाठवू या."

पडद्यावर सगळं यान रडतंय आणि पनवेलमध्ये कप्तान गावी चाललाय! मी तुमच्याकडे बघत राहिले. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाहीत.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला बोलायचं काही बाकी ठेवलं नाही. खोटारडे म्हटलं. "त्या लोकांनी त्याला वेळेवर आणि मानाने निरोप दिला, तुम्ही त्याची फटफजिती केलीत," असं म्हटलं. तुमचे भाऊ मधे पडले, "अगं, सिनेमा आहे," म्हणाले. त्यांना काय कळणार, ते पहिल्या दहा मिनिटांत घोरायला लागायचे.

आणि सहाव्या भागापासून तर तुम्ही कमालच केलीत. नवं यान, नवे चेहरे. नवा कप्तान टकला, गंभीर, कामाचा माणूस. मला तो आवडला होता. जुन्यांपैकी कुणी नाही, कुणाचं नावही नाही. पण मध्यंतरात हिराबायने विचारलं, "शरदभाऊ, जुना कप्तान कसा हाय?" आणि पुन्हा सिनेमा लावल्यावर तुमचा नवा कप्तान मधेच थांबून हाताखालच्या माणसाला सांगू लागला, "अरे, साहेबांची खबर आली बरं का. बरे आहेत. सकाळी फिरायला जातात. तुमची सगळ्यांची आठवण काढतात." पडद्यावर ते दोघे बॉम्ब कसा निकामी करावा यावर बोलत होते.

त्यानंतर दर नव्या कॅसेटमध्ये कुणी ना कुणी विचारायचं आणि तुम्ही खबर द्यायचात. कधी साहेब जाळी विणायला शिकले, कधी त्यांनी आंब्याचं कलम लावलं, कधी नव्या पोरांना ताकीद पाठवली की पळस्प्याच्या नाक्यावरून नीट वळा. शेड हसून पडायची. मी एकटी दात ओठ खात नव्या यानावरच्या डॉक्टरणीच्या वाक्याची वाट बघत बसायचे.

शेवटचं भांडण गेल्या महिन्यातलं. सेक्टरांत केबल आली होती, इंग्रजी सिनेमे हिंदी बोलायला लागले होते, शेडमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहात होत्या. तुमचा आवाज तर पार गेला होता. मी म्हटलं, "भावोजी, आता बस करा. घशाचं काय करून घेतलंय बघा. आणि त्या म्हाताऱ्यालाही आता मरू द्या. त्याला उतरवला, विषय संपला."

तेव्हा तुम्ही वळलात. तुम्हाला मी कधी चिडलेलं बघितलं नव्हतं. "उतरवला म्हणजे मेला का, वहिनी?" म्हणालात. "मला उतरवला त्या बंदरात. बोट सुटली, मी धक्क्यावर उभा. सगळ्यांनी हात हलवले. पुढे एकाने तरी विचारलं, शरद कसा आहे? यांच्या नव्या यानात एक माणूस नाही हो, जो नुसतं म्हणेल की आधीचे साहेब आज असते तर! एक वाक्य. तेवढंसुद्धा लिहवलं नाही त्यांना. म्हणून मी म्हणतो."

मी आत निघून गेले. माझ्याकडे उत्तर नव्हतं असं समजू नका. होतं. पण मी चिडले होते, आणि दूध उतू जात होतं, आणि मला वाटलं पुढच्या रविवारी बोलू. उत्तर असं होतं: तुम्हाला त्यांनी उतरवलं नसतं तर मी काय केलं असतं? शाळेत जायचं, घरी यायचं, कुकर लावायचा. तुम्ही येईपर्यंत या घरात मला कुणी मोठ्याने बोलू दिलं नव्हतं, आणि तुम्ही माझ्या हातात माईक दिलात. तुम्ही तिकडे धक्क्यावर एकटे उभे राहिलात ना, तो माझ्या आयुष्यातला भाग्याचा दिवस होता. बोटीवरून उतरलेला माणूस कुणाच्या तरी दारात येतो, भावोजी. त्याने मागच्या बोटीकडे बघत बसू नये, एवढंच मला म्हणायचं होतं. म्हणून मी म्हणत होते की जुन्यांनी वेळेवर उतरावं. हे नीट सांगितलं असतं तर तुम्हाला पटलं असतं की नाही, देव जाणे. बहुतेक म्हणाला असतात, "वहिनी, डायलॉग लांबला."

पुढचा रविवार आला तो तसा आला. सकाळी चहा घेऊन गेले आणि तुम्ही उठलाच नाहीत. दुपारी खेळाला आलेली माणसं तशीच तुमच्याबरोबर स्मशानात गेली. हिराबायने टोपली उपडी घातली ती आपल्या ओट्याशी, आणि मला धरून बसली. तिची शेवटची बस गेली तरी उठली नाही.

आता सगळ्यांचं म्हणणं, शेड बंद करा. तुमचे भाऊ टीव्हीला गिऱ्हाईक बघतायत. पण तुम्ही आणून ठेवलेली नवी कॅसेट तशीच पडली होती, आणि काल दिवसकार्य उरकल्यानंतरचा पहिला रविवार होता. दुपार झाली तशी माझे पाय काही घरात ठरेनात. गेले आणि दार उघडलं. थोडी माणसं आपणहून आली होती. हिराबाय होती. मी माईक घेतला आणि कॅसेट लावली. नवा टकला कप्तान बोलला, मीच बोलले. बाईच्या आवाजातला कप्तान ऐकून मागे कुणी हसलं नाही. बरं चाललं होतं. मध्यंतराला दिवा लावला आणि हिराबायने विचारलं, "बाय, जुना कप्तान कसा हाय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुमच्यावर, तिच्यावर, सगळ्यांवर. किती वर्षं खोटं बोलायचं माणसांशी? मी सरळ सांगून टाकलं. "हिराबाय, तो मेला. केव्हाच मेला, पाचव्या भागात. तुमच्या शरदभाऊंनी खोटं सांगितलं होतं."

कुणी दचकलं नाही. हिराबाय पदराने तोंड पुसत म्हणाली, "ता आमाला ठाव हाय."

"ठाऊक आहे?"

"मंग? आमाला डोले नाय काय? तोंडावर चादर वढली ती आमी नाय बघितली? आमच्या घरातली मानसं दर्यावर गेली ती अशीच आनून ठेवली आमच्यासमोर. मेलेला मानूस आमी वलखू नाय काय?"

"मग दर वेळेला विचारायच्यात कशाला?"

"आमी विचारला का शरदभाऊचा तोंड कसा उजलायचा," ती म्हणाली. "दुसरा कोन त्याला काय विचारीत व्हता?"

मागच्या बाकावरून वीटभट्टीवरचा एक जण म्हणाला, "आमी तर पाळी लावली व्हती. या वेळी कोनी विचारायचा ता बाहेरच ठरवायचो."

भावोजी, मी त्या दिव्याखाली उभी होते. हातातला माईक खाली ठेवला. हिराबाय उठून आली, माझ्या पाठीवर थोपटलं. "आता लाव पुढचा, माजी बस जाल," म्हणाली. मी लावला. काय बोलले ते मला आठवत नाही.

तेव्हापासून फिरतेच आहे. तुमच्या खोलीत जाते, बाहेर येते. शेड ठेवायची असं तुमच्या भावांना सांगून टाकलंय. पण मला चैन नाही, कारण आता मला एकच विचारायचं आहे आणि विचारायला तुम्ही नाही: त्यांना सगळं ठाऊक आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं का? होतं, आणि तरी तुम्ही खबर देत राहिलात? की खरंच वाटत होतं की पनवेलमध्ये तुम्ही एकटेच त्या म्हाताऱ्याला जिवंत ठेवताय? माणसं तुमची खबर घेत होती हो, दर रविवारी, पाळी लावून. त्या धक्क्यावर तुम्हाला जे कुणी विचारलं नाही ते इथे विचारत होती, आणि ते तुम्हाला कळलं की नाही एवढं तरी मला कळायला हवं होतं.

कुणी कधी उतरावं हे मी आजवर फार ठामपणे सांगत आले. कप्तानाने चौथ्या भागाआधी, यंत्रज्ञाने तर तिसऱ्यातच. तुम्हालाही सांगून मोकळी झाले होते. ते मागे घेते, भावोजी. तुम्ही फार लवकर उतरलात.